धोट्याचा चेहरा

केसरीनाथ भोईरला माणसाचा चेहरा काढता येत नाही, ही गोष्ट भिवंडीत बरीच वर्षं फक्त मला ठाऊक होती. बाकी सगळं काढतो. निजामपुऱ्यातली गल्ली काढेल, तर वरच्या तारांत अडकलेला फाटका पतंगसुद्धा सुटणार नाही. मुठी काढेल, गुडघे काढेल, पळून गेलेल्या माणसाची मागे राहिलेली एक चप्पल काढेल. पण मानेच्या वर गेला की हात थांबलाच. नाक काढलं तर त्याचा बटाटा होतो आणि डोळे काढले तर माणूस म्हशीसारखा बघायला लागतो. हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलोय, तेव्हा लिहायलाही हरकत नाही.

मी अय्यूब. त्याचं बॅनरचं दुकान आणि माझी छपाईची प्रेस यांच्यात एकच भिंत आहे, तीही नावाला. तो पलीकडे शिंकला तर इकडे माझे कागद हलतात. मी लग्नपत्रिका छापतो, मराठी आणि उर्दू, आणि नवरदेवाच्या चुलत्याचं नाव राहिलं की दोन्ही भाषांत शिव्या खातो. जन्म मशिनीच्या आवाजात गेला, त्यामुळे माझाही आवाज चढा झालाय. माझी बायको सालेहा म्हणते, तुम्ही कानात सांगितलेलं पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. मी म्हणतो, चांगलं आहे, माझ्या पोटात काही राहत नाही.

केसरीनाथ चाळिशीचा, अंगाने भरलेला, गळ्यात जाड सोन्याची साखळी. ही साखळी त्याच्या आईची हौस. लांबून बघितलं तर वाटावं, याच्या वाटेला जाऊ नये. प्रत्यक्षात दुकानात झुरळ निघालं तर हा कागदावर घेऊन बाहेर सोडून येतो आणि वर मला सांगतो, ‘गेला बिचारा.’ गिऱ्हाईकाने बॅनरवरचा फोटो अजून गोरा करायला सांगितला की गोरा करतो, अजून सांगितला की अजून करतो, आणि शेवटी गिऱ्हाईकाला स्वतःलाच आपला माणूस ओळखू येत नाही. वाढदिवस, हळद, निवड, बारसं, तेरावं. आमच्या गावात बॅनर लागल्याशिवाय माणूस जन्मल्यासारखाही वाटत नाही आणि गेल्यासारखाही नाही.

असा हा माणूस फावल्या वेळात चित्रकथा काढतो आणि त्या चित्रकथेत पानोपानी जबडे फुटतात. नाव ‘धोटा’. धोटा म्हणजे लूमवर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळत राहणारा टोकदार लाकडी तुकडा. केसरीनाथच्या गोष्टीतला माणूस लूम कामगार आहे. कारखाना बंद पडतो, लूम भंगारात जातात, आणि सगळा जन्म खडखडाटात झोपलेल्या या माणसाची शांततेत झोप उडते ती उडतेच. मग तो रातभर गल्ल्यांतून फिरतो. गोदामातला माल पळवणारे, भाडेकरूंवर गुंड घालणारे, पोरींच्या मागे लागणारे, जो हाती लागेल त्याला धोट्याने झोडपतो आणि पहाटे सार्वजनिक नळावर हात धूत बसतो. हात स्वच्छ झाले तरी धूतच असतो.

मला असली माणसं आवडत नाहीत, कागदावरची असली तरी. आमच्या शहराने कायदा हातात घेणारे बघितलेत आणि त्यांच्यानंतर रस्ता झाडणारेही बघितलेत. मी केसरीनाथला विचारायचो, “याला कुणी सांगितलं होतं रे मारायला?”

“कुणीच नाय सांगितलं, अय्यूबभाई. म्हणून तर झोप लागत नाय त्याला.”

चौथ्या भागात तर धोटा भलत्याच माणसाला मारतो. गोदामाचा एक गरीब वॉचमन, त्याला चोर समजून. जबडा मोडतो त्याचा. त्या पहाटे धोटा हात धूत नाही, नळ तसाच वाहता ठेवून नुसता बसतो. ते पान छापताना मी मशीन थांबवून पुन्हा बघितलं होतं. केसरीनाथला हे कधी सांगितलं नाही, कारण त्याला लगेच चढते.

छापायचो मीच. लगीनसराई संपली, मशीन मोकळी झाली की उरल्यासुरल्या कागदावर. एक भाग तर गुलाबी कागदावर निघाला; कथा हाणामारीची आणि कागद साखरपुड्याचा. तरी लोक वाचायचे. कॉलेजची पोरं, रिक्षावाले, पाळी संपलेले लूमवाले. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर एकजण मराठीतून वाचायचा आणि दुसरा लगोलग हिंदीत सांगायचा, ‘अब इसका जबडा गया.’

आता चेहऱ्याचं. बॅनरच्या धंद्यात फोटो आला की पहिलं काम म्हणजे त्याच्या मागचं सगळं कापून टाकायचं. मागचा पडदा, भिंत, शेजारी उभा असलेला मेव्हणा, सगळं जातं आणि नुसतं मुंडकं उरतं. मग त्याला कोट घाला, फेटा घाला, मागे वाघ उभा करा. केसरीनाथच्या कॉम्प्युटरमध्ये अशी मुंडकी भरलेला एक फोल्डर आहे, नाव ‘जुने’. कुणाचं कोण, काही लिहिलेलं नाही. धोट्यासाठी चेहरा हवा होता तेव्हा याने त्यातूनच एक उचलला. मान किंचित खाली, डोळे दमलेले, पण माणूस भला वाटावा असा. त्यावर दाढी वाढवली, गालाखाली काळोख भरला, आणि तोच चेहरा गिरवून गिरवून सगळे भाग काढले. त्याला वाटलं, असेल कुठल्यातरी गावचा जुना वाढदिवसवाला.

इथेच चुकलं. मागचं कापून टाकलं की वाढदिवसाचा माणूस आणि श्रद्धांजलीचा माणूस सारखाच दिसतो. त्याच्याभोवती केक येणार की फुलांची चौकट, हे पुढे ठरतं. केसरीनाथने केकवाला समजून उचललेला माणूस चौकटीतला निघाला.

नवरात्र नुकतंच आटपलं होतं. भर दुपारी एक म्हातारी माझ्या प्रेसमध्ये आली. आगरी पद्धतीचं नऊवारी लुगडं, काखेत गुंडाळलेला फ्लेक्स, बरोबर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. चित्रकथेच्या मागच्या पानावर माझ्या प्रेसचं नाव असतं, म्हणून ती आधी माझ्याकडे आली. तिने फ्लेक्स माझ्या टेबलावर उलगडला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली झेंडूच्या चौकटीत धोटा. दाढी नव्हती, काळोख नव्हता, पण धोटाच. मी भिंतीवर बुक्की मारून केसरीनाथला बोलावलं.

“यो माजा भावेश,” म्हातारी म्हणाली. मग पिशवीतून चित्रकथा काढून तिने फ्लेक्सवर ठेवली. “आनि यो पन भावेश.”

केसरीनाथने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि तो कागदाच्या गठ्ठ्यावर खालीच बसला. “काकी, चुकलं माझं,” त्याने हात जोडले. “देवाशपथ, मला माहीत नव्हतं.”

मी मनात म्हटलं, आता यांचं अख्खं गाव चालून येणार. बॅनरवर फोटो बारीक आला म्हणून दुकानासमोर राडे झालेले मी बघितलेत, आणि इथे तर मेलेल्या पोराला हाणामारीला जुंपलं होतं. पण सीताबाई, म्हणजे ती म्हातारी, भांडायला आलीच नव्हती.

“चुकलं ते चुकलं. मी त्याच्यासाठी न्हाय आले. मना एवढंच सांग, याचं फुडं काय होनार हाय?”

मग तिने सांगितलं ते असं. त्यांच्या शेतावर आता गोदाम आहे आणि भावेश त्याच गोदामात रात्रपाळीला होता. सकाळी मोटरसायकलवरून घरी यायचा, भाकर खायचा, झोपायचा. काही वर्षांमागे अशाच एका सकाळी हायवेवर ट्रेलरने उडवला. बायको विनिता आता त्याच गोदामात पॅकिंगला जाते. ही मुलगी मृणाली, त्याची. तेव्हा ती लहान होती. यंदा वर्गातल्या कुणीतरी ‘धोटा’ आणला आणि हिला त्यात बाप दिसला. तेव्हापासून तिने सगळे भाग गोळा करून उशाशी ठेवलेत.

“पोर येडी न्हाय,” सीताबाई म्हणाली. “बाप गेला ते तिला ठावं हाय. पन म्हनते, आजी, बाबा रातचे ड्युटीवर जायचे ना, अजून ड्युटीवरच हायेत. नवा भाग आला का बापाला भेटून आल्यासारकी खुलते. आता पोरं म्हनतात, फुडचा भाग शेवटचा हाय. मंग मना धास्ती पडली. तू त्याला मारनार तं न्हाय ना?”

केसरीनाथने माझ्याकडे बघितलं. मी मशिनीकडे बघितलं. शेवटच्या भागाच्या छपाईच्या प्लेटा तिथे तयार पडल्या होत्या. त्यात धोटा कशेळीच्या खाडीत, चिखलात हळूहळू खाली जातो आणि शेवटच्या चौकटीत फक्त बोटं उरतात. मृणाली मशिनीच्या जवळच उभी होती. मी हातातला पुसायचा कपडा त्या प्लेटांवर टाकला.

“काय झाकलंत, चाचा?” तिने विचारलं.

पत्रिकेची शाई ओली आहे, असं काहीतरी पुटपुटलो. केसरीनाथने सीताबाईला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं आणि त्या दोघी गेल्या. फ्लेक्स सीताबाईने पुन्हा नीट गुंडाळून नेला. तेराव्यानंतर असल्या बॅनरचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. फेकवत नाही, आणि गवतावर झाकायला वापरवत नाही.

त्या गेल्यावर आमचं जुंपलं. केसरीनाथ म्हणाला, “मारायलाच पाहिजे, अय्यूबभाई. एवढ्या लोकांची हाडं मोडून हा सुखात जगला, तर वाचणारी पोरं काय शिकतील? तुम्हीच बोलायचात ना, याला कुणी सांगितलं होतं म्हणून?”

बोलायचो खरं. पहिल्या भागापासून ज्याला तुरुंगात टाकायला मी निघालो होतो, त्याचंच वकीलपत्र घ्यायची पाळी माझ्यावर आली. मी म्हटलं, “अरे, ती पोर दुसऱ्यांदा बाप घालवेल.”

“मग चेहरा दाखवत नाय. बुडताना पाठमोरा काढतो.”

“पोरगी बापाला पाठमोरा ओळखणार नाही, असं वाटतं तुला?”

तो साखळीशी चाळा करत बसला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि माझंही नव्हतं, म्हणून तर भांडण मिटेना. डबा घेऊन आलेल्या सालेहाने दारातूनच सगळं ऐकलं होतं. ते सगळ्या गल्लीनेच ऐकलं असणार म्हणा. डबा ठेवता ठेवता ती म्हणाली, “तुम्ही दोघं तिच्या बापाचा फैसला करून राहिलात. तिला विचारलंत का?”

पुढच्या आठवड्यात मृणाली आजीबरोबर आली तेव्हा केसरीनाथने तिला समोर बसवलं आणि सरळ सांगून टाकलं. मला वाटलं होतं, आडवळणाने जाईल. पण म्हणाला, “मी त्याला खाडीत बुडवणार होतो. त्याने लय लोकांना मारलंय, म्हणून. आता सुचत नाय काय करू ते. तू सांग.”

ती बराच वेळ वेणीचं टोक ओढत बसली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही.

“बुडवू नका,” ती म्हणाली. “पण फिरवू पण नका आता. दमलेत ते.”

“मग?”

“झोपवा ना. बाबा ड्युटीवरून आले की झोपायचे. आजी सांगायची, कुणी आवाज करू नका. मी पायातले पैंजण पण काढून ठेवायची.” मग चित्रकथेतल्या चेहऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “हे बाबाच आहेत. पण मी बाबांना जास्त झोपलेलेच बघितलंय. डोळे उघडे असलेले मला एवढे नाय माहीत.”

सीताबाईने पदर तोंडाला लावला. केसरीनाथ उठला आणि पलीकडे आपल्या दुकानात गेला. भिंतीतून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि इकडे माझे कागद हलले. मीही चष्मा पुसून घेतला. खोटं कशाला बोलू?

पण खरी पंचाईत पुढेच होती. झोपलेल्या माणसाचा फोटो कुणी काढतं का? ‘जुने’ फोल्डरमध्ये हजार मुंडकी, पण एकाचेही डोळे मिटलेले नाहीत. गिरवायला काहीच नव्हतं. म्हणजे ज्या माणसाला जन्मात चेहरा जमला नाही, त्याने आता हा एक चेहरा आपल्या हाताने काढायचा होता.

पहिला काढला तो मला बरा वाटला. जुन्याच चेहऱ्याचे डोळे मिटवले होते, ओठ सरळ, हात अंगालगत, छातीपर्यंत चादर. सीताबाईने बघितलं मात्र, तिने तोंड फिरवलं.

“यो झोपलेला न्हाय,” ती म्हणाली.

तिने त्याला तसा एकदा बघितला होता. केसरीनाथने तो कागद बारीक बारीक फाडला आणि तुकडे खिशात घातले, केरात नाही टाकले.

मग तो वेड्यासारखा काढत सुटला. मला कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवं केलं आणि झोपायला लावलं. मी झोपेचं सोंग घेतलं की म्हणायचा, “अय्यूबभाई, तुम्ही झोपेतपण भांडताय.” एका दुपारी मला खरीच झोप लागली आणि दोन गिऱ्हाइकं माझं घोरणं ऐकून परत गेली. तरी ते चित्र जमेना. जो येई तो मेलेलाच. बॅनरची कामं पडून राहिली. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर वाढदिवस होऊन गेल्यावर लागला.

शेवटी त्याने पेन्सिल घेतली आणि मृणालीच्या घरीच जाऊन बसला. मीही गेलो. भावेश झोपायचा ती जागा आजी-नातीने दाखवली, खिडकीखालची. मग दोघी सांगत गेल्या आणि हा काढत गेला. तोंड उघडं असायचं. उशीवर लाळ गळायची, आजी रोज अभ्रा धुवायची. एक हात गालाखाली. गरम व्हायचं म्हणून एक पाय चादरीबाहेर, आणि घोट्यावर रातभर घातलेल्या मोज्याची खूण. घोरायचा, मध्येच थांबायचा, मग सगळं घर श्वास धरून बसायचं आणि तो पुन्हा घोरायला लागायचा. आम्ही बसलो तेवढ्यात विनिता ड्युटीवरून आली होती. इतका वेळ ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिने चित्रकथा कधी हातातही धरली नव्हती म्हणे. ती तिथूनच म्हणाली, “भुवई वर असायची. डावी. झोपेत कुणाला काहीतरी विचारतोय तशी.”

केसरीनाथने डावी भुवई वर केली. नाक जरासं बटाट्यावर गेलं होतं. मी बोललो नाही.

सीताबाईने कागद हातात घेतला, उजेडात धरला. “हां,” ती म्हणाली. “आता याला उठवू नको.”

शेवटच्या भागात धोटा पहिल्यांदाच दिवसाउजेडी बाहेर पडतो. ज्या वॉचमनचा जबडा त्याने मोडला, त्याच्या दारात जाऊन बसतो. वॉचमन त्याला माफ करत नाही. केसरीनाथने ते करू दिलं नाही आणि मला ते पटलं. वॉचमनला अजून नीट बोलता येत नाही. तो याच्याकडे बघतो आणि दोनच शब्द म्हणतो, ‘घरी जा.’ धोटा हातातलं लाकूड त्याच्या उंबऱ्यावर ठेवतो आणि घरी जातो. शेवटचं पान आख्खं एका चौकटीचं. खिडकीखाली झोपलेला माणूस, चादरीबाहेर पाय, फळीवर काढून ठेवलेले पैंजण. संवाद नाहीत. आजवर या चित्रकथेत ‘धाड्’ आणि ‘कडाक्’ ही अक्षरं अर्धं पान खायची. या पानावर एवढंसं, गोलमटोल अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘घुर्रर्र’.

जुन्या प्लेटा मी स्वतः मोडीत घातल्या. हा भाग शिल्लक कागदावर नाही, चांगल्या पांढऱ्या कागदावर छापला.

टपरीवरची पोरं चिडली. शेवटची फाइट कुठाय म्हणाली. केसरीनाथ त्यांना म्हणाला, “नाय जमली,” आणि हसला. त्याच्या दुकानात आता भिंतीवर पेन्सिलचे चेहरे लागलेत. कुणाचं नाक वाकडं, कुणाचे डोळे म्हशीचे, पण कापलेले नाहीत. प्रत्येकाच्या मागे त्याची भिंत आहे, मेव्हणा असेल तर मेव्हणाही आहे.

भाग निघाला त्या दिवशी मृणाली शाळेतून थेट प्रेसमध्ये आली. मी तिला गठ्ठ्यावरची पहिली प्रत दिली, ती खाली बसून वाचायला लागली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पत्रिका छापून झालेली आणि हा म्हणतो, हॉल बदललाय. माझं डोकं फिरलं. मी माझ्या नेहमीच्या आवाजात त्याचं, त्याच्या हॉलचं आणि त्याच्या होणाऱ्या व्याह्यांचं सगळं काढायला सुरुवात केली.

मृणालीने मान वर केली नाही. ती शेवटच्या पानावर होती. तिने फक्त एक बोट ओठांवर ठेवलं.

“चाचा, हळू ना,” ती म्हणाली. “बाबा झोपलेत.”

मी तोंड मिटलं. भिंतीपलीकडे केसरीनाथची बॅनरची मशीन घरघरत होती, तीही बंद झाली. मी गिऱ्हाइकाला हातानेच खूण केली, चपला हातात घेतल्या आणि आम्ही दोघं बाहेर जाऊन बोललो.